कंपनीत दिवसभर काय करतात?

आपल्या रत्नागिरीत कोण काय काम करतो हे सहसा विचारावे लागत नाही. पहाटे मिरकरवाड्याच्या बंदरावर गेलात तर मासळी उतरताना दिसते. आंब्याला फवारणी कधी करतात, फळ कसे उतरवतात, पेटीत गवत घालून ते कसे रचतात हे तुम्ही लहानपणापासून पाहिलेले असते. रनपार-गोळपच्या किनाऱ्यावरील पीव्हीसीचा कारखाना आतून पाहिलेला नसला तरी पाळीवर जाणारी माणसे दिसतात, आणि पीव्हीसीचा पाइप तर घरोघरी असतो. पण शेजारची ताई पुण्याला ‘आयटी कंपनीत’ लागली, म्हणजे ती नेमके करते काय? तिच्या आईला विचारून पाहा. ‘कंप्युटरवर असते,’ एवढेच उत्तर मिळेल. गणपतीला ताई घरी येते खरी, पण संध्याकाळी आरतीच्या वेळी नेमकी दार लावून लॅपटॉपसमोर बसते आणि इंग्रजीत कोणाशी तरी बोलत राहते.

लाखो रुपयांचे कर्ज काढून आपण मुलांना ज्या कामासाठी तयार करतो, ते काम कसे असते हे घरात कोणालाच ठाऊक नसावे, हे मला बरे वाटत नाही. पूर्वी कोकणातला चाकरमानी मुंबईच्या गिरणीत जाई, तेव्हा गावाला निदान साचा म्हणजे काय, पाळी म्हणजे काय हे माहीत असे. तेव्हा आज आपण या बंद दाराच्या आत डोकावू. फार गणित लागणार नाही; जे लागेल ते आठवीचे आहे.

सुरुवात एका जाड कागदाच्या कार्डापासून करू.

१९६८ साली मुंबईत टाटा समूहाने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस, म्हणजेच टीसीएस, हा विभाग सुरू केला. दुसऱ्याच वर्षी फकीरचंद कोहली तेथे आले. ते विद्युत अभियंते. टाटांच्या वीज कंपनीत त्यांनी बरीच वर्षे काढली होती. या नव्या विभागाची सुरुवातीची कामे ऐकाल तर नवल वाटेल. टाटांच्याच पोलाद कंपनीसाठी छिद्रांची कार्डे करून देणे, सेंट्रल बँकेच्या एका शाखेचा हिशेब दुसऱ्या शाखेच्या हिशेबाशी जुळवणे, युनिट ट्रस्टची कामे करणे! रॉकेट नाही, यंत्रमानव नाही; हिशेब जुळवणे. मोठमोठ्या कंपन्यांचे पुष्कळसे काम आजही याच जातीचे आहे, हे आधी लक्षात घ्या.

त्या काळी संगणकाला माहिती द्यायची ती अशा कार्डावर छिद्रे पाडून. एका कार्डावर ८० स्तंभ, आणि एका स्तंभात एकच अक्षर किंवा एकच आकडा. नाव, पत्ता, खाते क्रमांक, रक्कम हे सारे ८० घरांत बसवायचे. संगणकाची स्मृतीही फार महाग होती. मग काटकसर कुठे करायची? सगळ्या जगाने एकच युक्ती केली. १९६८ लिहिण्याऐवजी नुसते ६८ लिहायचे. दोन घरे वाचली!

युक्ती चांगलीच होती. पण पुढे कार्डे गेली, स्मृती स्वस्त झाली, तरी प्रोग्रॅम तेच राहिले. चालणाऱ्या प्रोग्रॅमला कोण हात लावतो? आणि शतक संपत आले तेव्हा लोक दचकले. समजा, एका माणसाचा जन्म १९६५ चा. १९९९ मध्ये यंत्र ९९ मधून ६५ वजा करी आणि वय ३४ सांगे. २००० साली मात्र ते ० मधून ६५ वजा करणार आणि त्याचे वय उणे ६५ सांगणार! अशा माणसाला निवृत्तिवेतन द्यायचे की त्याचा जन्म व्हायची वाट पाहायची? त्यात आणखी एक खोच होती. १९०० हे लीप वर्ष नव्हते, कारण शंभराने भाग जाणारी वर्षे लीप धरत नाहीत; पण चारशेने भाग जाणारी धरतात, म्हणून २००० हे लीप वर्ष होते. ज्याला अर्धाच नियम ठाऊक, त्याच्या प्रोग्रॅममध्ये २९ फेब्रुवारी नव्हतीच.

ही दुरुस्ती करण्यासाठी मुंबई, पुणे, चेन्नई, बंगलोर, हैदराबाद येथील कंपन्यांत हजारो तरुण बसले. त्यांनी काय केले? वाचले. तिसऱ्याच देशातल्या, बहुधा निवृत्त झालेल्या कोणा प्रोग्रॅमरने वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कोबोल नावाच्या भाषेत लिहिलेल्या ओळी त्यांनी एकेक करून वाचल्या. तारीख कुठे दडली आहे ते शोधायचे. लिहिणाऱ्याने तारखेला ‘तारीख’ असे सरळ नाव दिले असेल तर भाग्य. त्याने नुसतेच ‘डी-७’ असे काही लिहिले असेल तर ती तारीख आहे की दर आहे की दाराचा क्रमांक आहे हे पुढच्या-मागच्या शंभर ओळी वाचून ठरवायचे. मग दुरुस्ती, मग चाचणी, मग पुन्हा चाचणी. १ जानेवारी २००० ची सकाळ उजाडली आणि किरकोळ घोटाळे सोडले तर जगात काहीही झाले नाही. काही लोक म्हणाले, उगीच बाऊ केला! धरण फुटले नाही म्हणून भिंत बांधणाऱ्याला हसण्यासारखेच हे झाले.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की या कामात लिहिणे थोडे आणि वाचणे फार. पुष्कळ मुलांना हे ऐकून निराशा वाटते. त्यांच्या डोळ्यांसमोर सिनेमातला नायक असतो. तो खडाखड कळा दाबतो आणि पडद्यावर हिरवी अक्षरे धावतात. प्रत्यक्षात कसे असते ते माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या एका आठवड्यावरून सांगतो. ती पुण्यात एका फार मोठ्या कंपनीत आहे. कंपनीचे नाव महत्त्वाचे नाही.

सकाळी हिंजवडीच्या रस्त्यावर वाहनांच्या रांगेत पाऊण तास गेला की ती जागेवर पोहोचते. मग तिच्या गटाची पंधरा मिनिटांची बैठक होते. तिला ‘स्टँड-अप’ म्हणतात. उभ्याने बोलायचे म्हटले की माणूस थोडक्यात आवरतो, ही त्यामागची कल्पना. काल काय केले, आज काय करणार, कुठे अडले आहे, एवढेच सांगायचे. त्यानंतर तिला एक ‘तिकीट’ मिळते, म्हणजे क्रमांक घातलेली तक्रार. त्या आठवड्याची तक्रार अशी होती: परदेशातील एका बँकेच्या काही खातेदारांच्या व्याजात एका सेंटचा फरक येतो. सर्वांच्या नाही, काहींच्याच.

एक सेंट! तुम्ही म्हणाल, सोडून द्या. पण बँकेचे लाखो खातेदार असतात, आणि हिशेब एका सेंटने चुकतो याचा अर्थ तो हिशेबच नाही.

ही चूक मोठी मनोरंजक आहे, म्हणून जरा थांबू. आपल्या दशमान पद्धतीत एक तृतीयांश हा अपूर्णांक पुरता लिहिता येत नाही, ०.३३३३ असे लिहीत राहिलो तरी शेवट येत नाही. संगणक द्विमान पद्धतीने मोजतो. त्याच्याजवळ अर्धा, पाव, अष्टमांश, सोळांश अशीच मापे आहेत. आता या मापांनी एक दशांश भरून पाहा. सोळांश अधिक बत्तिसांश केलेत तर ०.०९३७५ होतात, कमी पडले. आणखी १/२५६ आणि १/५१२ घातलेत तर ०.०९९६ च्या किंचित वर जाल, अजून कमीच. असे कितीही घाला, बरोबर एक दशांश कधीच भरत नाही. म्हणजे आपल्याला जो ०.१ इतका साधा वाटतो, तो संगणकाला न संपणारा आहे! तो कुठेतरी तोडावा लागतो. अशी तोडलेली आकडेमोड हजारदा केली की एखाद्या खात्यात तो सेंट उगवतो. यावरचा उपाय जुना आहे आणि आपल्या किराणा दुकानदारालाही सुचेल: रुपयांच्या अपूर्णांकात न मोजता पैशांत मोजा, म्हणजे सगळे पूर्णांकच राहतील.

चूक कोठे आहे हे शोधायला तिला तीन दिवस लागले. बदललेल्या ओळी किती? तीन. मग त्या ओळी तिने एका सहकाऱ्याकडे वाचायला दिल्या. याला ‘रिव्ह्यू’ म्हणतात. मोठ्या कंपनीत कोणीही, अगदी वीस वर्षे अनुभव असलेला माणूसही, स्वतः लिहिलेले परस्पर चालू करीत नाही. त्यानंतर चाचणी करणाऱ्यांकडे ते गेले. या साऱ्याचे कारण साध्या संभवनीयतेच्या गणितात आहे. समजा, एक वाचणारा दहांतील नऊ चुका पकडतो. म्हणजे शंभर चुकांपैकी दहा सुटतात. दुसरा वाचणाराही तेवढाच हुशार असेल तर त्या दहांतली एकच सुटेल. तिसऱ्याने पाहिले तर हजारात एक. मात्र येथे एक अट आहे, आणि ती पुस्तकात बारीक अक्षरात असते: दोघांनी स्वतंत्रपणे वाचले पाहिजे. दोघे एकाच शिक्षकाच्या हाताखाली तीच चुकीची समजूत घेऊन आले असतील तर दोघांच्या डोळ्यांतून तीच चूक सुटेल. प्रयोगशाळेत तुम्ही शेजाऱ्याचे वाचन उतरवून घेता तेव्हा दोन वाचने होत नाहीत, एकच होते, तसेच हे.

याच विचारातून चुका शोधणारे प्रोग्रॅमही लिहिले गेले. १९८१ साली टीसीएसने पुण्यात संशोधनाचे स्वतंत्र केंद्र काढले. तेथे पुढे प्रोग्रॅम वाचून त्यातील दोष दाखवणारे प्रोग्रॅम तयार झाले. वाचणाऱ्याला वाचणारा मदतनीस!

आता तुम्ही विचाराल, कंपनी इतकी मोठी हवीच कशाला? चार हुशार माणसे पुरणार नाहीत का? पुष्कळदा पुरतात, आणि चौघांचे काम झटपट होते. पण मोठे काम चौघांत मावत नाही, आणि माणसे वाढवली की एक वेगळीच पंचाईत होते. पाच माणसांत प्रत्येकाने प्रत्येकाशी बोलायचे म्हटले तर दहा जोड्या होतात. दहा माणसांत ४५. पन्नास माणसांत १,२२५! सूत्र तुम्हाला क्रमचय-संचयात भेटेलच: माणसे ‘न’ असतील तर न गुणिले (न - १) भागिले दोन. मार्च २०२५ अखेर टीसीएसमध्ये सहा लाखांहून अधिक माणसे होती. सूत्रात सहा लाख घालून पाहा. अठरा हजार कोटी जोड्या येतात. एवढी माणसे एकमेकांशी बोलू लागली तर काम कोण करणार? म्हणून मोठ्या कंपनीत आठ-दहा जणांचे गट करतात, गटांवर मॅनेजर, त्यांच्यावर आणखी मॅनेजर. या उतरंडीची चेष्टा सगळेच करतात, मीही करतो. पण ती काढून टाकली की हे गणित अंगावर येते. आयबीएममध्ये प्रचंड आकाराचा प्रोग्रॅम करवून घेतलेले फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ साली आपल्या पुस्तकात हाच अनुभव मांडला. मुदत टळलेल्या कामावर नवी माणसे आणली तर ते काम आणखी लांबते, असे त्यांचे म्हणणे. नव्यांना समजावण्यात जुन्यांचा वेळ जातो.

गट पाडले की दोन गटांच्या मधली भिंत आली, आणि चुका बहुधा त्या भिंतीशीच होतात. २३ सप्टेंबर १९९९ रोजी अमेरिकेचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ पोहोचले आणि नष्ट झाले. यानाची दिशा किंचित बदलण्यासाठी अधूनमधून छोटी इंजिने चालवत. त्यांच्या रेट्याचे आकडे यान बांधणाऱ्या कंपनीच्या प्रोग्रॅममधून पौंड या एककात येत होते. ते घेणारे नासाचे लोक ते न्यूटनमध्ये आहेत असे समजत होते. एक पौंड बल म्हणजे सुमारे ४.४५ न्यूटन. एवढ्या फरकाने यान मंगळाच्या वातावरणात नको तितके खाली उतरले. दोन्हीकडची माणसे हुशार होती, दोघांचे गुणाकार-भागाकार बरोबर होते! प्रात्यक्षिकाच्या वहीत एकक न लिहिणाऱ्यांचा मी अर्धा गुण कापतो, तेव्हा मुले कुरकुरतात. कुरकुरू देत.

आता त्या आरतीच्या वेळच्या बंद दाराकडे येऊ. ताई संध्याकाळीच का बोलते? कारण पृथ्वी फिरते. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश, म्हणजे तासाला १५ अंश फिरते. आपले घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेले आहे. म्हणून आपण ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. (रत्नागिरी मात्र सुमारे ७३.३ अंशांवर. त्यामुळे आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरीने १२ वाजून ३७ मिनिटे झालेली असतात. काठी रोवून सावली मोजा, पटेल.) न्यूयॉर्क हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे असते. तिथला साहेब सकाळी ९ ला कचेरीत येतो तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेसात. उन्हाळ्यात ते लोक घड्याळ एक तास पुढे करतात, तेव्हा आपल्याकडे साडेसहा. म्हणजे भाद्रपदात नेमकी आरतीची वेळ!

गंमत अशी, की निरोप जायला मुळीच वेळ लागत नाही. समुद्राच्या तळाशी काचेच्या तंतूंच्या केबल टाकलेल्या आहेत आणि त्यातल्या काही मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर. मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. भागाकार करा: जायला सेकंदाचा सोळावा हिस्सा, जाऊन यायला आठवा. केबल वाकडीतिकडी जाते म्हणून थोडा अधिक धरा. निरोप डोळ्याचे पाते लवायच्या आत पोहोचतो आणि उत्तरासाठी मात्र दहा तास थांबावे लागते, कारण तिकडचा माणूस झोपलेला असतो. म्हणून कोणीतरी एकाने जागायचे, आणि बहुतेक वेळा जागतो तो आपल्याकडचा. माझ्या मते या नोकरीतला हा सर्वांत कठीण भाग आहे. शरीराचे घड्याळ सूर्यावर चालते, कंपनीच्या वेळापत्रकावर नाही. रात्रपाळीच्या मुलांना दिवसा धड झोप लागत नाही, जेवणाच्या वेळा बिघडतात, आणि घरच्यांना वाटते, खुर्चीवर बसून कसला थकवा! शिवाय ‘ऑन-कॉल’ नावाची पाळी असते. त्या आठवड्यात रात्री तीनला फोन वाजला तरी उठून बिघाड पाहायचा. आपल्या वीज मंडळाच्या वायरमनला वादळात खांबावर चढावे लागते, त्याचाच हा सावलीतला भाऊ.

पगाराचेही सांगायला हवे. मोठ्या सेवा-कंपन्यांत नव्या पदवीधराचा पगार दहा-बारा वर्षे वर्षाला तीन ते चार लाखांच्या आसपासच घोटाळत राहिला. पुण्यातले घरभाडे काही थांबले नाही. एक काम संपून दुसरे मिळेपर्यंत माणूस ‘बेंच’वर असतो. पगार चालू, पण मनात धाकधूक. ही धाकधूक खोटी नाही. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसे कमी करणार असल्याचे जाहीर केले. त्यांत बहुतेक मधल्या आणि वरच्या जागांवरची होती. टाटांकडे लागला की जन्माची चिंता मिटली, असे माझ्या वडिलांच्या पिढीला वाटे. तसे आता कोणत्याच कंपनीबद्दल समजू नये.

त्यातच २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले. आता यंत्रेही प्रोग्रॅम लिहितात, आणि पुष्कळदा चांगले लिहितात. मग माणसे लागतील का? काही कामांना नक्कीच कमी लागतील. पण यंत्राने लिहिलेल्या दोनशे ओळी बरोबर आहेत हे कोणी सांगायचे? तो व्याजाचा सेंट आठवा. ओळी लिहिणे स्वस्त झाले की त्या भराभर वाढतात, आणि वाचणाऱ्याच्या टेबलावरचा ढीगही वाढतो. माझ्या विद्यार्थिनीचे म्हणणे असे, की पूर्वी ती माणसांच्या चुका शोधी, आता यंत्राच्याही शोधते, आणि यंत्राच्या चुका जास्त ऐटबाज असतात. वाचताना अगदी बरोबर वाटतात.

पुढची एक मोठी दुरुस्ती तर ठरलेलीच आहे. पुष्कळ संगणकांत वेळ मोजण्याची रीत अशी, की १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, अर्थात ग्रीनिचच्या, किती सेकंद झाले ते मोजायचे. जुन्या पद्धतीत हा आकडा ३२ द्विमान घरांत ठेवतात. त्यातले एक घर अधिक-उणे या चिन्हाला जाते. उरलेल्या ३१ घरांत बसणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७. एवढे सेकंद संपतील तो क्षण भारतीय वेळेने १९ जानेवारी २०३८, मंगळवार, सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद. पुढच्या सेकंदाला अशी यंत्रे १९०१ सालात जातील! नव्या संगणकांत ६४ घरे असतात, त्यांना धोका नाही. पण कुठल्या कारखान्यात, कुठल्या मापनयंत्रात ३२ घरांचे जुने घड्याळ टिकटिकत आहे, हे कोणीतरी वाचून शोधावे लागेल. तुम्ही आज आठवीत असाल तर तेव्हा पंचविशीत असाल.

हे काम आपल्याला रुचेल का, हे आजमावायला संगणक लागत नाही. एक कोरा कागद घ्या. दिलेले वर्ष लीप आहे की नाही हे कसे ओळखावे, ते पायरीपायरीने मराठीत लिहा. मग तो कागद धाकट्या भावंडाला द्या आणि २०२४, २०२५, १९००, २००० आणि २१०० ही वर्षे तपासायला सांगा. त्याने फक्त तुमच्या ओळींप्रमाणे वागायचे, स्वतःची अक्कल चालवायची नाही. तुम्ही शेजारी बसायचे, पण तोंडातून एक शब्द काढायचा नाही. तो कोणत्या ओळीवर अडतो तिथे पेन्सिलीने खूण करा. २१०० ला त्याने ‘लीप’ म्हटले तर त्याच्यावर रागावू नका. तुमची तिसरी ओळ पुन्हा वाचा.